परंपरा कसोटीला उतरते तेव्हा...

उत्तर चीनमधील हबेई प्रांताची राजधानी शिजियाझुआंग हे नाव मराठी वाचकाच्या कानावर क्वचितच पडते. तरीही या नगराशी महाराष्ट्राचे एक जिव्हाळ्याचे नाते आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले आणि जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच निवर्तले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर हेही होते. कोटणीसांची समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात आहे, आणि व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यांची कथा भारतीय घराघरांत पोहोचली.

याच शिजियाझुआंगमधून गेल्या काही वर्षांत एक वेगळी वार्ता जगाच्या वैद्यकविश्वात पोहोचली आहे. तेथील एका औषधनिर्मिती संस्थेने पारंपरिक चिनी वैद्यकाच्या सूत्रानुसार अकरा वनौषधींचे एक मिश्रण सिद्ध केले. ‘चीलीच्यांगशिन’ हे त्याचे नाव. दुर्बल झालेल्या हृदयाला ते उपयोगी पडते, असा दावा होता. असे दावे जगातील प्रत्येक पारंपरिक वैद्यक करीत असते, त्यात नावीन्य काही नाही. नावीन्य आहे ते पुढच्या पावलात. हा दावा तीन हजारांहून अधिक रुग्णांवर, आधुनिक वैद्यकशास्त्राच्या अत्यंत कठोर पद्धतीने तपासण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या अग्रगण्य संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले.

चीनच्या विस्तारवादी राजकारणाविषयी भारतीय मन सावध असते आणि १९६२ चा घाव पाहता ते स्वाभाविकच आहे. परंतु विद्या कोठूनही घ्यावी, ही भारताची जुनी रीत आहे. म्हणूनच परंपरेकडे चीनने कसे पाहिले, कोठे तो यशस्वी झाला आणि कोठे घसरला, याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

हृदयाची दुर्बलता म्हणजे काय?

प्रथम रोगाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. ‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द ऐकले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे हृदय एकाएकी बंद पडल्याचे चित्र उभे राहते. वास्तविक तसे नसते. हृदयविकाराचा झटका ही रक्तवाहिनीत अडथळा आल्याने घडणारी आकस्मिक घटना आहे. हृदयाची अकार्यक्षमता ही मात्र महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चालणारी अवस्था आहे. हृदय चालू असते, पण शरीराला हवे तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. जिना चढताना दम लागतो, पायांवर सूज येते, रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो, उशाशी एकाची दोन आणि दोनाच्या तीन उशा होतात. झटका येऊन गेलेले हृदय, वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब, मधुमेह, झडपांचे विकार, अशी अनेक कारणे या अवस्थेकडे नेतात.

चीनमध्ये २००० सालच्या सुमारास झालेल्या पाहणीत पस्तिशीपुढील व्यक्तींपैकी ०.९ टक्के लोकांना हा विकार असल्याचे आढळले होते. २०१२ ते २०१५ या काळातील पाहणीत हे प्रमाण १.३ टक्क्यांवर गेले. जगभरात अशा रुग्णांची संख्या सहा कोटींहून अधिक आहे. आयुर्मान वाढते आहे, झटक्यातून वाचणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि म्हणूनच दुर्बल हृदय घेऊन जगणाऱ्यांची संख्याही वाढते आहे.

आधुनिक वैद्यकाने या विकारावर लक्षणीय प्रगती केली आहे. आज चार प्रकारच्या औषधांचा एकत्रित उपयोग हा उपचारांचा पाया मानला जातो. त्यांनी मृत्यूचे आणि रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण निःसंशय घटविले आहे. तरीही रोग पुरता आटोक्यात येत नाही. उत्तम उपचार घेणारा रुग्णही पुनःपुन्हा रुग्णालयाची पायरी चढतो. नव्या उपायाची आवश्यकता आहे ती येथे.

चिनी वैद्यक काय सांगते?

पारंपरिक चिनी वैद्यकाची भाषा भारतीय वाचकाला अगदीच परकी वाटणार नाही. ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती, ‘यांग’ म्हणजे उष्ण, चालक तत्त्व. हृदयाची ‘ची’ क्षीण झाली, यांग मंदावले, की रक्त साकळते. रक्त साकळले की पाणी जागच्या जागी साचते. आणि मग सूज व दम ही लक्षणे दिसतात, अशी त्याची मांडणी आहे. उपचारही त्याच क्रमाने: शक्ती वाढवा, उष्णता द्या, रक्त वाहते करा, पाणी बाहेर काढा. हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या ग्रंथांतून आलेली सूत्रे आजही तेथे वापरली जातात.

चीलीच्यांगशिनची घटकद्रव्ये पाहिली की ही मांडणी स्पष्ट होते. बळ देण्यासाठी ह्वांगछी ही मुळी आणि जिनसेंग. उष्णतेसाठी फूझी, म्हणजे बचनागाच्या कुळातील संस्कारित कंद, आणि दालचिनीच्या कुळातील कोवळ्या फांद्या. रक्ताच्या अभिसरणासाठी दानशेन ही मुळी आणि चक्क करडईची फुले. पाणी निघून जावे यासाठी काही बिया व कंद. शिवाय संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळविलेली साल. बचनागासारखे उग्र विष शोधन केल्यावाचून वापरू नये, हा दंडक जसा आयुर्वेदात आहे तसाच चिनी वैद्यकातही आहे. त्या कंदातील ॲकोनिटीन हे द्रव्य हृदयाची लय बिघडवून प्राण घेऊ शकते. दीर्घकाळ शिजविण्यासारख्या संस्कारांनी त्याची तीव्रता घटते.

मांडणी आकर्षक आहे, तर्कशुद्धही आहे. परंतु तर्कशुद्ध असणे आणि सत्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हे केवळ पारंपरिक वैद्यकाला लागू आहे असे नव्हे. आधुनिक हृदयवैद्यकालाही हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला आहे. मिलरिनोन नावाचे एक औषध हृदयाच्या स्नायूंचे आकुंचन जोमदार करते. दुर्बल हृदयाला जोर देणारे औषध हितकारक ठरणार, याविषयी कोणाला शंका वाटावी? परंतु १,०८८ रुग्णांवर त्याची पद्धतशीर परीक्षा झाली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा ते पोटात घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. उलट, हृदयाची गती मंद करणारी बीटा ब्लॉकर औषधे दुर्बल हृदयाला घातक ठरतील, असे कित्येक वर्षे शिकविले जात होते. १९९९ मधील चाचण्यांनी नेमके त्याच्या विरुद्ध सिद्ध केले. बिसोप्रोलोल घेणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ११.८ टक्के, तर न घेणाऱ्यांत १७.३ टक्के असल्याचे आढळले. आज हीच औषधे उपचारांच्या चार आधारस्तंभांपैकी एक आहेत.

तात्पर्य, विद्वानांचा तर्क, ग्रंथांचे प्रामाण्य आणि ‘रुग्णाला बरे वाटले’ ही साक्ष, या तिन्ही गोष्टी महत्त्वाच्या असल्या तरी पुरेशा नाहीत. समान अवस्थेतील रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला हुबेहूब तसेच दिसणारे परंतु औषध नसलेले कॅप्सूल द्यायचे, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू द्यायचे नाही व वैद्यालाही नाही; मग वर्ष-दीड वर्षाने हिशेब मांडायचा. या पद्धतीत कोणाचीही भीड राहत नाही. तिचे सामर्थ्य यातच आहे.

कसोटी आणि तिचा निकाल

चीलीच्यांगशिनला चीनमध्ये २००४ साली मान्यता मिळाली. २०१३ मध्ये ५१२ रुग्णांवरील बारा आठवड्यांच्या एका चाचणीचे निष्कर्ष अमेरिकेतील हृदयरोगविषयक प्रमुख पत्रिकेत आले. हृदयावरील ताण दर्शविणारे रक्तातील एक द्रव्य औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४८ टक्के रुग्णांत तीस टक्के वा अधिक घटले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३२ टक्के होते. ही आशादायक सुरुवात होती. परंतु रक्तातील आकडा सुधारणे म्हणजे माणूस वाचणे नव्हे. म्हणून पुढची मोठी चाचणी हाती घेण्यात आली.

‘क्वेस्ट’ नावाच्या या चाचणीत चीनची मुख्य भूमी आणि हाँगकाँग येथील १३३ रुग्णालयांतून ३,११० रुग्णांचा समावेश झाला. सर्वांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता चाळीस टक्के वा त्याहून कमी झालेली होती. एक मुद्दा ध्यानी घेतला पाहिजे, तो हा की कोणाचेही आधुनिक उपचार थांबविण्यात आले नाहीत. दोन्ही गटांना नेहमीची प्रमाणित औषधे चालूच होती. त्यांच्या जोडीला एका गटाला दिवसातून तीन वेळा चार-चार कॅप्सूल चीलीच्यांगशिन मिळाले, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधविरहित कॅप्सूल.

सरासरी अठरा महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर हिशेब मांडला गेला. हृदयाच्या दुर्बलतेमुळे रुग्णालयात भरती होणे किंवा हृदयरोगाने मृत्यू येणे, या दोहोंपैकी काहीतरी घडलेल्यांचे प्रमाण औषधविरहित गटात सुमारे ३० टक्के होते. चीलीच्यांगशिन घेणाऱ्यांत ते २५ टक्के होते. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे पाच जणांवरील संकट टळले. आकडा लहान वाटेल, परंतु उत्तम औषधे चालू असताना त्यांच्यावर मिळालेला हा अधिकचा लाभ आहे आणि हृदयवैद्यकात एवढा लाभही नगण्य मानला जात नाही. गंभीर दुष्परिणामांत दोन्ही गटांत लक्षणीय अंतर दिसले नाही.

हृदयविकारात पारंपरिक चिनी औषधाची अशी मोठी परीक्षा ही एकमेव नव्हे. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतर देण्यात येणाऱ्या ‘तोंगशिनलुओ’ या दुसऱ्या मिश्रणाची चाचणी ३,७७७ रुग्णांवर झाली आणि २०२३ मध्ये ती अमेरिकन वैद्यक संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाली. तीस दिवसांतील गंभीर घटनांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आल्याचे तिने दाखविले.

उत्साहाला लगाम हवा

अशा वेळी दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. ‘पाहा, पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे एक बाजू म्हणते. ‘हा सारा प्रचार आहे’ असे दुसरी म्हणते. दोघांनाही मूळ निबंध वाचण्याचे कष्ट नको असतात. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे.

चाचणीला औषध बनविणाऱ्या संस्थेचे आर्थिक पाठबळ होते. पाश्चात्त्य औषधांच्या चाचण्यांतही हेच घडते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल खोटा ठरत नाही. परंतु स्वतंत्र संशोधकांनी तो पुन्हा तपासावा, ही अपेक्षा रास्तच आहे. सर्व कारणांनी झालेले मृत्यू एकत्र मोजले असता औषध घेणाऱ्या गटात ते कमी होते, १४.२ टक्के विरुद्ध १६.९ टक्के, पण हा फरक योगायोगाने पडला नसेल अशी खात्री संख्याशास्त्र देऊ शकले नाही. चार आधारस्तंभांपैकी सर्वांत नवे असलेले औषध या रुग्णांपैकी थोड्यांनाच मिळत होते; ते सर्वांना मिळत असते तर चिनी मिश्रणाचा लाभ एवढाच राहिला असता का, हे पुढील चाचण्यांनीच ठरेल. आणि सर्व रुग्ण चिनी रुग्णालयांतील होते.

आणखी एक मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. या अकरा द्रव्यांपैकी पेरिप्लोका या वनस्पतीच्या सालीत पेरिप्लोसिन नावाचे द्रव्य असते. ते डिजॉक्सिनच्या कुळातील आहे. डिजॉक्सिनचा इतिहासही लोकवैद्यकातूनच सुरू होतो. इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील एका वृद्धेकडे जलोदरावर गुणकारी ठरणारे वीसेक वनस्पतींचे कौटुंबिक गुपित होते. विल्यम विदरिंग या वैद्याने त्यातील खरे कार्यकारी द्रव्य फॉक्सग्लव्ह हेच असल्याचे ओळखले, दहा वर्षे दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी, यशाच्या तशाच अपयशाच्याही, ठेवल्या आणि १७८५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्याच फॉक्सग्लव्हच्या कुळातील डिजिटॉक्सिनची दुर्बल हृदयातील उपयुक्तता दाखविणारी मोठी चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली! तेव्हा चीलीच्यांगशिनचा गुण अकरा द्रव्यांच्या मेळातून येतो की त्यातील एखाद्या डिजॉक्सिनसदृश अंशातून, हा प्रश्न परंपरेचा अवमान करणारा नाही. परंपरा नेमकी कोठे बरोबर होती, हे जाणून घेण्याचाच तो मार्ग आहे.

चीनच्या अनुभवाची दुसरी बाजू

चीनने ही वाट एका दिवसात गाठलेली नाही. परंपरेविषयीचा संताप आणि अभिमान, दोन्ही तेथे टोकाला गेलेले आहेत. आधुनिक चिनी साहित्याचे प्रवर्तक लू शुन यांचे वडील सूज येण्याच्या विकाराने आजारी होते. नामांकित वैद्य आले, मोठमोठी शुल्के घेऊन गेले. काढ्यासोबत रातकिड्यांची जोडी हवी आणि तीही मुळापासून एकमेकांचीच असलेली, अशी पथ्ये सांगितली गेली. पोट नगाऱ्यासारखे फुगते म्हणून जुन्या फाटक्या नगाऱ्याच्या कातड्याच्या गोळ्या देण्यात आल्या. १८९६ मध्ये वडील गेले. घर कर्जबाजारी झाले. या मुलाने पुढे जपानमध्ये आधुनिक वैद्यकाचा अभ्यास सुरू केला आणि चिनी वैद्यकाविषयीचा त्याचा राग जन्मभर टिकला. १९२९ मध्ये तर तत्कालीन शासनाच्या आरोग्य मंडळासमोर पारंपरिक वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला. देशभरातील वैद्य १७ मार्च १९२९ रोजी शांघायमध्ये एकत्र आले, त्यांनी प्रखर विरोध केला आणि तो प्रस्ताव बारगळला.

साम्यवादी राजवटीने पुढे लंबक दुसऱ्या टोकाला नेला. १९५५ मध्ये पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९५८ मध्ये माओ यांनी या वैद्यकाला महान खजिना म्हटले. १९८२ च्या राज्यघटनेत आधुनिक आणि पारंपरिक अशा दोन्ही वैद्यकांच्या विकासाची तरतूद झाली. १ जुलै २०१७ पासून पारंपरिक वैद्यकाचा स्वतंत्र कायदा लागू झाला.

राजाश्रयाने साधने मिळाली, हे खरे. मलेरियावरील संशोधन हे त्याचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण. १९६७ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या गुप्त प्रकल्पात थू योयो या संशोधक महिलेने जुने ग्रंथ धुंडाळले. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या पुस्तकात दवण्याच्या कुळातील एक वनस्पती गार पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस घ्यावा, असे सांगितले होते. उकळू नये, हे त्यातील मर्म तिने ओळखले. कमी तापमानाला अर्क काढला, १९७२ मध्ये तो प्रथम स्वतः पिऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले, लक्षावधी प्राण वाचले आणि २०१५ मध्ये थू योयो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथाने दिशा दिली आणि प्रयोगशाळेने प्रमाण दिले.

परंतु राजाश्रयाची दुसरी बाजूही आहे. प्रमाणाआधीच सन्मान मिळू लागला की परीक्षा देण्याची गरज उरत नाही. चीलीच्यांगशिन बनविणाऱ्या याच संस्थेचे ‘ल्यानह्वा छिंगवन’ हे औषध करोनाकाळात मोठ्या प्रमाणावर पुढे आणले गेले आणि २०२२ मध्ये शांघायच्या टाळेबंदीत घरोघर वाटले गेले. त्याच्या उपयुक्ततेविषयी खुद्द चीनमध्येच प्रश्न विचारले गेले. संस्था तीच, परंपरा तीच; परंतु एका ठिकाणी प्रमाण आधी आले, दुसऱ्या ठिकाणी वाटप आधी झाले. हा भेद ज्याला कळला त्याला या साऱ्या विषयाचे सार कळले.

निष्काळजीपणाचे फळ किती कटू असते हे १९९३ मध्ये बेल्जियममध्ये दिसले. वजन घटविण्यासाठी घेतलेल्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी नामसाधर्म्यामुळे दुसरी, ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती गेली. शंभरहून अधिक जणांची, मुख्यतः स्त्रियांची, मूत्रपिंडे बाधित झाली. अनेकांची निकामी झाली. काहींना पुढे कर्करोग झाला. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य आजही घरोघर ऐकू येते. त्याला हे उत्तर आहे.

भारतासाठी बोध

भारताच्या औषधभांडारात हृदयासाठी अर्जुनाची साल आहे. दुधात सिद्ध केलेला अर्जुनक्षीरपाक वैद्य पिढ्यानुपिढ्या देत आले आहेत. १९९५ मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी दुर्बल हृदयाच्या बारा रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तिचा लाभ दिसला. परंतु बारा ही संख्या किती तोकडी! पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी शंभर रुग्णांवर बारा आठवड्यांची शिस्तबद्ध चाचणी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता अर्जुनाच्या जलीय अर्काने सुधारली नाही. हा निकाल लपविण्याचे काहीही कारण नाही. कदाचित मात्रा वेगळी हवी असेल, कल्प वेगळा हवा असेल, कालावधी दीर्घ हवा असेल; कदाचित अपेक्षाच चुकीची असेल. याचा निर्णय भाषणांतून होणार नाही. क्वेस्टच्या तोडीची, हजारो रुग्णांची, वर्ष-दोन वर्षे चालणारी चाचणीच तो करू शकेल.

हे भारतीयांना अशक्य आहे काय? मुळीच नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील सर्पगंधेच्या उपयोगाचा निबंध ब्रिटिश हृदयरोग पत्रिकेत प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचे लक्ष या भारतीय मुळीकडे वेधले. तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य मात्र १९५२ मध्ये वेगळे केले ते स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी. ज्ञान भारतीय, निरीक्षण भारतीय, पण अखेरचा टप्पा परक्यांनी गाठला. ही खंत केवळ व्यक्त करून भागणार नाही. आयुर्वेद महाविद्यालये, आधुनिक रुग्णालये आणि औषधनिर्माते यांनी एकत्र बसून एकच कल्प, एकच प्रमाणित निर्मितीपद्धती आणि एकच स्पष्ट प्रश्न निश्चित करावा लागेल. आणि निकाल प्रतिकूल आला तरी तो प्रसिद्ध करण्याचे धैर्य दाखवावे लागेल.

परंपरेवर खरी श्रद्धा असणारा माणूस परीक्षेला भीत नाही. सोन्याची पारख करणाऱ्याला सोनार कोणी शत्रू मानीत नाही. जो आपल्या नाण्याला कसोटीच्या दगडावर घासू देत नाही, त्याच्याच मनात त्या नाण्याविषयी शंका असते.

घरोघरी काय ध्यानी ठेवावे?

आणि अखेरीस, या साऱ्या चर्चेपेक्षा महत्त्वाची गोष्ट. ज्या घरात हृदय दुर्बल झालेली आई, वडील वा आजोबा आहेत, त्या घराने या वार्तेचा कोणता अर्थ घ्यावा? पहिला अर्थ हा, की चालू असलेली औषधे थांबवायची नाहीत. चीलीच्यांगशिनची चाचणी ही आधुनिक औषधांच्या ऐवजी नव्हे, तर त्यांच्या जोडीने झालेली आहे. ‘नैसर्गिक’ उपायाच्या भरवशावर गोळ्या बंद करणाऱ्याला या चाचणीचा तिळमात्र आधार मिळत नाही. दुसरा अर्थ हा, की कोणाच्या सांगण्यावरून परदेशी कॅप्सूल मागवून घ्यायची नाहीत. ज्या मिश्रणात बचनागाच्या कुळातील कंद आणि डिजॉक्सिनसदृश द्रव्य आहे, ते वैद्यकीय देखरेखीवाचून घेणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

तिसरा अर्थ आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. खोकल्यावर चघळले जाणारे जेष्ठमध अधिक प्रमाणात पोटात गेले तर शरीरात पाणी व मीठ साठते आणि पोटॅशियम घटते; दुर्बल हृदयाच्या रुग्णाला, विशेषतः डिजॉक्सिन चालू असताना, हे धोक्याचे आहे. चिनी दानशेन रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा प्रभाव वाढविते. म्हणून घरात येणारा प्रत्येक काढा, प्रत्येक चूर्ण, प्रत्येक गोळी, हृदयरोगतज्ज्ञाला आणि वैद्यालाही, दोघांनाही दाखविली पाहिजे. पुष्कळ रुग्ण रागावतील या भीतीने डॉक्टरांपासून काढा लपवितात आणि वैद्यांपासून गोळ्या. या संकोचाने आजवर किती अपाय झाला असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

कोटणीस चीनमध्ये गेले तेव्हा त्यांच्या हाती आधुनिक शस्त्रक्रियेचे ज्ञान होते. चीनची भाषा ते तेथे शिकले, तेथील माणसांत मिसळले. रुग्ण वाचला पाहिजे, एवढाच त्यांचा निकष होता. त्यांच्या समाधीच्या नगरातून आलेल्या औषधाकडेही त्याच निकषाने पाहिले पाहिजे. ते चिनी आहे म्हणून झिडकारू नये, प्राचीन आहे म्हणून डोक्यावर घेऊ नये. दर शंभरांतील ज्या पाच घरांवरील संकट टळले, त्या घरांना औषधाचे गोत्र विचारायचे नव्हते. आपले माणूस परत आले, एवढेच त्यांना पुरेसे होते. अर्जुनाच्या सालीत असे सामर्थ्य असेल तर ते भारतीयांनीच, उघड्या डोळ्यांनी आणि खुल्या मनाने, सिद्ध करून दाखवावे. ऋषींच्या वारशाचा याहून मोठा सन्मान दुसरा नाही.